‘रिकामी’चा शिक्का

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, मधली वाट भरली, मग लोक खिडक्यांच्या कठड्यांवर चढून बसले आणि बाहेर राहिलेले पुढच्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून आत काय चाललंय ते विचारू लागले. आत व्यासपीठावर एक टेबल होतं, टेबलावर काचेची पेटी, आणि पेटीत भुशावर आडवी पसरलेली एक पांढरी उंदरीण. तिच्या पोटाला अकरा गुलाबी पिल्लं लुचत होती. मागच्या पडद्यावर तीच पिल्लं मांजराएवढी दिसत होती. एरवी घरात उंदराची शेपटी दिसली तरी पलंगावर चढणाऱ्या बायका आज डोळ्यांना रुमाल लावून त्या पडद्याकडे बघत होत्या.

“उंदराला श्रद्धा नसते,” पाणीबाबा म्हणाले. “उंदराला ढोंग येत नाही. माणूस खोटं बोलेल, डॉक्टर खोटं बोलेल. उंदीर खोटं बोलेल का?”

नाही, असं सगळं सभागृह एका सुरात म्हणालं.

बाबांचा अवतार साधा. पांढरी पँट, पांढरा शर्ट, कानामागून गालावर आलेला माइक, आणि हातात पाण्याची बाटली. पाण्याला स्मृती असते म्हणे, पाण्यात लहरी असतात म्हणे, आणि बाबांनी हातात धरलेल्या पाण्यातल्या लहरी बाईच्या पोटातल्या लहरींशी जुळतात म्हणे. हे त्यांनी कुठे मोजलं, कशानं मोजलं, ते विचारायची सोय नव्हती, कारण तोवर पुढचं वाक्य अंगावर आलेलं असायचं. आणि सगळ्यात शेवटी हुकमी एक्का. हा चमत्कार मठात नाही, विज्ञानाच्या संस्थेत झालाय, आणि साक्षीदार इथे हजर आहे.

साक्षीदार व्यासपीठाच्या कडेला संस्थेचा खाकी कोट घालून उभा होता. प्रयोगशाळेच्या प्राणीगृहात गेली दहा वर्षं तो उंदीर सांभाळायचा. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, मादीला नराच्या पिंजऱ्यात सोडणं आणि कार्डं भरणं हे त्याचं काम. संस्थेत झाडून सगळे त्याला मूषकराव म्हणायचे. इतकं की हजेरीला कुणी खरं नाव पुकारलं, तर तो क्षणभर दुसऱ्याच कुणाकडे तरी बघायचा.

मूषकरावाची दोन वाक्यं ठरलेली होती. सहा महिने आमच्याकडे मादी व्यायची बंद झाली होती. बाबांचं पाणी सुरू केलं आणि विसातल्या अठरा व्याल्या. गेले पाच रविवार तो हेच सांगत आला होता आणि पाचही वेळा टाळ्यांनी छत खाली यायचं बाकी राहिलं होतं. यात खोटं एक अक्षरही नव्हतं, म्हणून तर लोक इतके विश्वासानं ऐकायचे.

पण आज बोलताना तो सारखा कोटाचं बटण लावत होता, काढत होता. कारण कोटाच्या खिशात या आठवड्याची पाच कार्डं होती आणि पाचांवरही जांभळ्या शाईत एकच शब्द उमटलेला होता : रिकामी.

हे कार्ड काय प्रकरण आहे ते आधी सांगितलं पाहिजे. प्राणीगृहात प्रत्येक मादीचं एक कार्ड असायचं. मादीचा क्रमांक, नराकडे सोडल्याची तारीख, व्याल्याची तारीख, पिल्लं किती, आणि शेवटी शेरा. मादी व्याली नाही तर शेऱ्याच्या जागी रबरी शिक्का बसायचा. दोन वेळा ‘रिकामी’ शिक्का बसला की मादी बाद. नराचा रकाना कार्डावर नव्हताच. कुणी कधी छापला नाही आणि कुणाला कधी लागला नाही. मूषकराव फक्त स्वतःच्या सोयीसाठी कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं खूण करायचा, म्हणजे मादी कुठल्या मांडणीवरच्या नराकडे सोडलीय ते विसरायला नको.

सभा संपल्यावर त्याला मागच्या खोलीत बोलावणं आलं. तिथे बाबा होते, संस्थेचे भांडारप्रमुख होते, आणि मूषकरावाची आई आणि बायकोही बसलेल्या होत्या. भांडारप्रमुख बाबांचे पट्टशिष्य. पाणी संस्थेत आणलं ते त्यांनीच, आणि आता पुन्हा शिक्के पडू लागल्याची चुगलीही त्यांनीच केली होती. उंदीर पुन्हा आटले तर पुढच्या रविवारी पडद्यावर दाखवायचं काय, ही त्यांची चिंता.

बाबांनी डोळे मिटले, उघडले, आणि निकाल दिला. पाण्यात दोष नाही. पाणी ज्याच्या हातून जातं त्याच्या घरात कोरड आहे. नऊ वर्षं झाली लग्नाला, मूल नाही. ती कोरड त्याच्या हातातून बाटल्यांत उतरते. उपाय एकच : सुनेनं चाळीस दिवस नुसत्या पाण्यावर राहायचं, इथेच, बाबांच्या देखरेखीखाली. पुढच्या रविवारी भर सभेत बसवू.

आईनं लगेच होकारार्थी मान डोलावली. बायको टपाल कार्यालयात पत्रांची छाटणी करायची, म्हणजे पत्ता वाचून पत्र ज्या त्या खणात टाकायची. मागच्या महिन्यात बाबांनीच सांगितलेल्या तीन दिवसांच्या उपासात ती छाटणीच्या टेबलावर डोकं आपटून पडली होती. कपाळावरची खोक अजून पुरती भरली नव्हती. तीन दिवसांत ही गत, तर चाळीस दिवसांत काय शिल्लक राहील, हा हिशेब मूषकराव मनात मांडत राहिला. तरी निघताना त्यानं वाकून बाबांना नमस्कारच केला.

घरी जाताना आई पुढे चालत होती. बायकोनं चाल मंद केली आणि हळूच विचारलं, “एक सांगा. ते पाणी प्यायलं कुणी?”

“माद्यांनी.”

“नरांनी नाही?”

“नर तेव्हा दुसऱ्या खोलीत होते. बाबांनी साठ दिवस दुरावा सांगितला होता ना.”

“म्हणजे माद्या जागच्या जागी राहिल्या आणि हलवलं नरांना. मग गुण पाण्याचा कशावरून?”

तो खेकसला. तुला उंदरांतलं काय कळतं, तू पत्रं छाट, असं काहीतरी बोलून गेला. ती नेहमीसारखी गप्प बसली नाही. म्हणाली, पत्रंच छाटते मी, आणि पत्र चुकीच्या खणात गेलं की आम्ही पत्राला शिव्या घालत नाही, पत्ता वाचतो. उद्या ती कार्डं घरी घेऊन या.

त्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी तो वेळेच्या आधी तासभर प्राणीगृहात जाऊन उभा राहिला. उंदीर पिंजऱ्यात येरझारा घालत होते, बाहेर त्याच्याही येरझारा सुरू होत्या. सहा महिन्यांपूर्वीचा तो दिवस त्याला आठवत होता. बाबा पहिल्यांदा इथे आले, खोलीभर फिरले, पिंजऱ्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मागच्या भिंतीला मात्र तळहात टेकवला, चटकन उचलला आणि रुमालाला पुसला. मग म्हणाले, इथे लहरींचा गुंता झालाय. नरांना साठ दिवस दूर ठेवा, उत्तरेच्या कोठीत. माद्यांना हे पाणी द्या.

तसं केलं. साठ दिवसांनी माद्यांना कोठीत नेऊन नरांकडे सोडलं आणि तीन आठवड्यांनी पिल्लांचा सुकाळ झाला. संस्थेच्या वरिष्ठांना पिल्लांशी मतलब, ती कशी आली ते त्यांनी विचारलं नाही. मग नर पुन्हा जुन्या खोलीत आणायचे होते. बारा नरांची एक मांडणी ढकलत आणली. दुसरीचं चाक उंबऱ्याला अडकून तुटलं. ‘बघू नंतर’ म्हणून आठ नर कोठीतच राहिले ते राहिलेच. चाक अजून दुरुस्त व्हायचं होतं.

दुपारी तो कार्डांचा गठ्ठा पिशवीत घालून घरी गेला. बायकोची सकाळपाळी होती, ती येऊन बसली होती. आई शेजारी गेली होती. दोघांनी जमिनीवर बैठक मारली.

चार महिन्यांतली बासष्ट कार्डं. बायकोनं आधी ती तारखेप्रमाणे लावली. काही निघेना. मग मादीच्या वयाप्रमाणे लावली. त्यातूनही काही निघेना. मूषकराव उठून खिडकीशी जात होता, परत येऊन बसत होता, पुन्हा उठत होता. बायकोनं त्याला पाणी आणायला पिटाळलं, निदान पायांना काम मिळेल म्हणून. तो परत आला तेव्हा ती एक कार्ड उजेडात धरून बघत होती.

“कोपऱ्यात हे ‘भिं’ आणि ‘को’ काय लिहिलंय?”

भिं म्हणजे भिंतीकडची मांडणी, को म्हणजे कोठी. नर कुठला, ते. तिनं कार्डं छाटायला घेतली. तिचा हात असा काही चालायचा की बघत राहावं. डावीकडे भिं, उजवीकडे को. दोन मिनिटांत दोन ढीग झाले. मग तिनं दोन्ही ढीग पंख्यासारखे पसरले.

डावीकडे अडतीस कार्डं. नर कोठीतून नुकते परतले होते तेव्हाची सुरुवातीची पाच सोडली, तर बाकी सगळी जांभळी. उजवीकडे चोवीस, आणि त्यांत शिक्के फक्त दोन. पाणी दोन्हीकडच्या माद्यांनी एकाच पिंपातलं प्यायलं होतं. शिवाय बाबा दौऱ्यावर होते त्या तीन आठवड्यांत पिंप आलंच नव्हतं, माद्या नळाचं पाणी प्यायल्या होत्या, आणि त्या आठवड्यांतली कोठीची कार्डंही स्वच्छ होती. एकावरही शिक्का नव्हता.

मूषकराव दोन्ही ढिगांकडे नुसता बघत राहिला. हे शिक्के त्यानं स्वतःच्या हातानं मारले होते. एकेक मारताना त्या मादीकडे बघून ‘काय गं बाई’ म्हणून तो हळहळलाही होता. आणि ज्याच्याकडे सोडली होती तो शेजारच्या पिंजऱ्यात मिशा साफ करत बसलेला असायचा, त्याच्याकडे त्याचं कधी लक्षच गेलं नव्हतं.

“बिचाऱ्या,” बायको म्हणाली. एवढंच. पण तो शब्द उंदरिणींपुरता नव्हता हे त्याला कळलं आणि त्यानं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी त्यानं दारावरचा तापमापक काढून मागच्या भिंतीच्या मांडणीवर टांगला. दाराशी तो कायम तेवीस दाखवायचा आणि त्यावर सगळे खूश असायचे. भिंतीशी अर्ध्या तासात छत्तीस झाले. भिंतीपलीकडे धुलाईची खोली होती. गेल्या वर्षी तिथला बॉयलर जुना झाला म्हणून नवा, दुप्पट मोठा आला आणि तो नेमका या भिंतीला चिकटवून बसवला. बॉयलर बसला तो महिना आणि माद्या आटल्या तो हंगाम, यांत फारसं अंतर नव्हतं.

महिन्यापूर्वी संस्थेत नवीन पशुवैद्य रुजू झाल्या होत्या. त्यांना सगळे डॉक्टरबाई म्हणायचे. मूषकराव कार्डं आणि तापमापक घेऊन त्यांच्याकडे गेला, आणि जे काही होतं ते एका दमात सांगून टाकलं. दोन नर तसेही दुसऱ्या तपासणीसाठी काढायचे होतेच. बाईंनी एक भिंतीचा निवडला, एक कोठीचा. संध्याकाळी त्याला बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.

कोठीच्या नराच्या काचपट्टीवर शाळा सुटल्यासारखी गर्दी होती, सगळे धावतायत. भिंतीच्या नराच्या पट्टीवर जवळजवळ शुकशुकाट. जे होते तेही जागच्या जागी पडलेले.

बाईंनी समजावून सांगितलं ते असं. शुक्रजंतूंना शरीराच्या आतली ऊब सोसत नाही, म्हणून तर अंडकोषांची पिशवी शरीराबाहेर असते, जरा गार राहावी म्हणून. तिला सतत शेक बसला की पीक बुडतं. नर दिसायला ठणठणीत असतो, मादीवर चढतो, खातो-पितो, कुणाला शंकाही येत नाही. शेक थांबवला की नवं पीक येतं. उंदराच्या शरीरात ते तयार होऊन बाहेर पडायला साधारण साठ दिवस लागतात. नर आजारी असला, घाबरलेला असला, खाण्यात काही वाईट गेलं, पिंजऱ्याचं प्लास्टिक जुनं होऊन झिजलं, तरी बिघाड होऊ शकतो. पण इथे कारण भिंतीलाच हात लावून कळतंय.

साठ दिवस. बाबांचा दुरावा साठ दिवसांचा होता. मूषकरावाला तो तळहात आठवला, चटकन उचललेला आणि रुमालाला पुसलेला. म्हणजे त्या माणसाला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

मग त्यानं विचारायचं ते विचारलं. आवाज इतका खाली गेला की बाईंना पुढे वाकावं लागलं.

“बाई, माणसाचंही असंच असतं का?”

असू शकतं, त्या म्हणाल्या, माणसाला अडीच-तीन महिने लागतात एवढाच फरक. मग त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं की तुम्ही पिंजरे धुताना बसता कुठे. धुलाईच्या खोलीत बॉयलरच्या तोंडाशी एक स्टूल होतं. दहा वर्षं, रोज चार तास, मूषकराव त्या स्टुलावर बसत होता. त्याला शरम वाटली, भीती वाटली, आणि सगळ्यात जास्त, नऊ वर्षांत बायकोनं गिळलेल्या गोळ्या, घेतलेल्या सुया, प्यायलेलं पाणी आणि ऐकलेली बोलणी एकदम आठवून स्वतःचा राग आला. ती चार डॉक्टरांकडे जाऊन आली होती. प्रत्येकानं तिला सांगितलं होतं की तुमच्यात काही दिसत नाही, नवऱ्याला पाठवा. नवऱ्यानं दर वेळी सांगितलं होतं की मला काय धाड भरलीय.

रविवार उजाडला. सभागृह पुन्हा ओसंडून वाहत होतं. व्यासपीठाच्या मध्यभागी आज एक चटई अंथरलेली होती, मूषकरावाच्या बायकोसाठी. आई तिची कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसली होती, आणि शेजारी बायको, सरळ समोर बघत. मूषकराव सभेआधी एकटाच मागच्या खोलीत गेला आणि कार्डांचे दोन ढीग बाबांसमोर ठेवले.

बाबांनी ते पाहिले. चिडले नाहीत. माइक काढून बाजूला ठेवला आणि त्यांचा आवाज एकदम साधा, शेजारच्या माणसासारखा झाला.

“वळूंच्या केंद्रावर मी बारा वर्षं काढली,” ते म्हणाले. “उन्हाळ्यात वळू बिघडला की त्याला गार गोठ्यात बांधायचो. दोन महिन्यांनी कामाला. तुमच्या त्या भिंतीला हात लावला आणि समजलो.”

“मग सांगितलं का नाही?”

“कुणाला सांगू? पुरुषाला म्हणून बघ की दोष तुझ्यात असेल, तपासून ये. एकतरी येतो का? तू गेलास? बायका येतात. त्यांना पाणी दिलं तरी येतात, उपाशी ठेवलं तरी येतात. मी त्यांच्या नवऱ्यांना तीन महिने दूर ठेवतो, दारू सोडायला लावतो, गार पाण्यानं अंघोळ करायला लावतो. दहांतल्या दोघांचं जमून जातं. नाव पाण्याचं होतं.”

“आणि बाकीचे आठ?”

त्यांच्या बायकांची श्रद्धा कमी पडते, असं बाबा म्हणाले. म्हणताना हसलेसुद्धा. मग त्यांनी सौदा पुढे केला. चाळीसऐवजी सात दिवस करू, तिलाही झेपेल, तुझंही नाव झाकलेलं राहील. वर जाऊन हे बोललास तर उद्यापासून सगळं गाव तुझ्याकडे बघून हसेल. मला काय, मी दुसरं गाव बघेन. तुला इथेच राहायचंय.

हे मात्र अगदी खरं होतं. व्यासपीठावर जाईपर्यंत त्यानं कोटाचं बटण चार वेळा काढलं आणि लावलं. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून लोकांना सांगितलं की साक्षीदार आलाय, ऐका.

“बाबा म्हणतात, उंदीर खोटं बोलत नाही,” मूषकराव म्हणाला. “ते बरोबर आहे. पण सहा महिने आपण चुकीच्या उंदराला विचारत होतो.”

मग त्यानं सांगितलं. भिंत सांगितली, बॉयलर सांगितला, तापमापक वर धरून दाखवला. नर हलवले आणि पाण्याचं नाव झालं ते सांगितलं. एका हातात भिंतीची कार्डं धरली, एका हातात कोठीची, आणि म्हणाला की या सगळ्यांनी पाणी एकच प्यायलंय. त्याचं बोलणं काही वक्त्याचं नव्हतं. मध्येच अडखळायचा, मध्येच आकडा चुकून पुन्हा मोजायचा. पण लोक ऐकत होते, कारण पाच रविवार त्यांनी याच माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. त्याच्याच सांगण्यावरून आलेल्या आणि दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टरबाईंनी दोनदा हात वर करून दुजोरा दिला.

बाबा माइकमध्ये म्हणाले की ही साक्षीदाराच्या श्रद्धेची परीक्षा आहे, लहरी उलट्या फिरल्या की माणूस असा बोलतो. काहींनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागून एका जाड्या आवाजानं विचारलं, “म्हणजे मूल होत नाही तो दोष तुझ्यात काय रे?”

हशा पिकला. बाबांनी डोळ्यांनीच त्याला म्हटलं, बघ.

मूषकराव हसणं थांबायची वाट बघत उभा राहिला. कान तापले होते. समोर पहिल्या रांगेत बायको होती, तिच्या कपाळावर ती खोक होती.

“असू शकतो,” तो म्हणाला. “मला माहीत नाही. नऊ वर्षं हिला चार डॉक्टरांनी तपासलं, हिच्यात काही निघालं नाही. मला कुणी तपासलं नाही, कारण मी जाऊच दिलं नाही स्वतःला. उद्या सकाळी जाणार आहे. आणि ही उपाशी बसणार नाही.”

आता कुणी हसलं नाही. सभागृहात इतक्या जोडप्यांत किती बायका आपल्या नवऱ्याकडे वळून बघत होत्या, ते व्यासपीठावरून त्याला स्पष्ट दिसलं. नवरे छताकडे बघत होते. बाबांनी टाळ्या वाजवून लोकांना जागं करायचा प्रयत्न केला, पण टाळ्या एकट्याच वाजल्या. मधल्या रांगेतल्या एका बाईनं हातातली बाटली खुर्चीखाली ठेवून दिली आणि ती चालू लागली.

आई उठली. मूषकरावाला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर आकांडतांडव करणार. तिनं मांडीवरची पिशवी उचलली, सुनेच्या हाताला धरलं आणि म्हणाली, “चल. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या.”

सोमवारी तो तपासणी केंद्रात गेला. पुरुषांच्या विभागाबाहेर एक लांब बाक होता. तिथली नावं नोंदवणारी बाई एरवी सांगायची की त्या बाकावर धूळ बसते. त्या दिवशी तिथे आधीच चार जण बसले होते, चौघांच्याही माना खाली, आणि चौघेही कालच्या सभागृहातले. त्यांतला एक तर तो जाड्या आवाजाचा. त्यानं मूषकरावाकडे पाहिलं नाही, फक्त सरकून जागा केली.

अहवाल आला. शुक्रजंतू होते, पण फार थोडे, आणि सुस्त. डॉक्टरांनी बॉयलरपासून लांब राहायला सांगितलं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणाले. कदाचित सुधारेल, कदाचित नाही, कारण दुसरंही निघू शकतं, असं त्यांनी सरळ सांगितलं. मूषकरावानं अहवाल घरी नेऊन आधी आईच्या हातात दिला. आईनं चष्मा लावून तो दोनदा वाचला, आणि संध्याकाळी सुनेच्या कपाळाला स्वतः मलम लावलं. नऊ वर्षांच्या बोलण्याची भरपाई एका दिवसात कशी व्हावी?

संस्थेत बॉयलर हलवला. नवी कार्डं छापून आली आहेत, त्यांत पहिला रकाना नराचा आहे. ‘रिकामी’चा रबरी शिक्का डॉक्टरबाईंनी कचऱ्यात टाकला आणि नवा करून आणला. त्यावर लिहिलंय : तपास बाकी.

पाणीबाबा आता इथे नाहीत. दुसऱ्या कुठल्या तरी सभागृहात असतील, काचेच्या पेटीत या वेळी ससे असतील, आणि साक्षीदारही अगदी खरं बोलणारा असेल. तेव्हा तुमच्या गावी ती पेटी आली तर खुशाल बघायला जा. पिल्लं गोंडस असतात, बघायला काही हरकत नाही. फक्त टाळी वाजवायच्या आधी उभं राहून मोठ्यानं एवढं विचारा : पाणी कुणी प्यायलं, आणि तपासलं कुणाला?